एकदाच ऐकवलं जाईल

नारिनमध्ये जानेवारी. उणे सव्वीस.
खिडकीच्या आतल्या अंगालाही बर्फाची जाळी,
आणि आई विटांच्या चुलीला पाठ लावून
इंग्रजी ऐकायला बसलेली.

माझं काम मोबाईल सांभाळायचं.
रेकॉर्डिंग लावायचं, मिनिटं मोजायची,
आणि तिनं कितीही डोळे वटारले
तरी परत लावायचं नाही.
अकरा वर्षांचा होतो मी, फार कडक परीक्षक.

"एकदाच ऐकवलं जाईल," तो माणूस आधीच बजावायचा,
आवाज कडक इस्त्रीचा.
मग कुणी बाई ग्रंथालयाचं कार्ड काढायला यायची,
आडनावाची अक्षरं सुटी करून सांगायची,
मग पत्ता, मग फोन : डबल सेव्हन, थ्री, ओ.
आई लिहायची दोन, सात, तीन,
आणि अडायची.
"ओ तर अक्षर ना रे? नंबरात अक्षर कसं?"
तोवर बाई कार्ड घेऊन गेलेली.

चोवीस वर्षं बाळंतपणं केलेली माझी आई.
बर्चच्या लाकडाचं एक नळकांडं होतं तिचं,
या टोकाला कान, त्या टोकाला पोट.
अजून ज्यांना तोंड फुटायचंय
त्यांचं ती ऐकत आली होती.
आणि आता डब्लिनच्या एका इस्पितळाला हवा होता
तिच्या कानांचा दाखला.

वाचन बरं, म्हणायची. उतारा निदान पळून जात नाही.
छत्रीचा इतिहास. मधमाश्यांचा नाच.
कुठल्याशा बेटावरची मिठागरं.
ओळीखालून बोट सरकायचं, ओठ हलायचे.
मग प्रश्न : बरोबर, चूक,
आणि ते तिसरं, दिलेलं नाही.
"दिलेलं नाही म्हणजे चूकच की!"
मी पुस्तकात बघून समजवायचो : तसं नाही, आई.
चूक म्हणजे उतारा उलट सांगतो.
दिलेलं नाही म्हणजे उतारा गप्प आहे.

तिनं पेन्सिल कानामागे खोचली.
बाबा दोन हिवाळे कझानला होते.
ऑक्टोबरनंतर फोन नव्हता.
ती काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून
त्या प्रश्नात कधी चुकली नाही.

फेब्रुवारीत एका रात्री, तिसरा भाग चालू असताना
दार वाजलं. वरच्या वस्तीवरचा तालान्त,
बाहेर गाडीचं इंजिन चालूच ठेवलेलं.
"बुरुलाय एजे, सायकालला कळा."
जिल्ह्यातलं सोनोग्राफीचं मशीन महिनाभर बंद होतं.
मला ठेवणार कुठे? मीही गेलो.
पडद्याआड बसलो, मोबाईल खिशात.

"सगळे गप्प," आई म्हणाली.
कुणीतरी चुलीवरची किटलीसुद्धा उचलली.
ती वाकली. डावीकडे ऐकलं, घड्याळ बघत मोजलं.
नळकांडं उजवीकडे नेलं, मग जरा वर.
कानात प्राण आणणं म्हणतात ते
मी तिथं पडद्याच्या फटीतून पाहिलं.
पुन्हा डावीकडे. पुन्हा वर.
हवं तितक्या वेळा. अडवणारं कोणी नव्हतं.
मग ती सरळ झाली
आणि का कोण जाणे, इंग्रजीत म्हणाली,
"डबल."

कुणालाच कळेना.
पडद्याआडून मी सांगितलं : जुळं आहे.

दोन्ही मुली. धाकटी जरा निळी होती, मग रडली.

पहाटे तालान्तच आम्हाला सोडायला निघाला.
आईच्या बाहीवर रक्त वाळलेलं,
हातात कुणी दिलेली रोटी, तशीच.
"तिसरा भाग राहिला," ती म्हणाली.
एकदाच ऐकवतात, मी म्हटलं.
"ते त्यांचं. तू लाव."
लावला. दोन विद्यार्थी, एक मुलगा, एक मुलगी,
कसल्याशा प्रकल्पावरून वाद घालत होते.
तिसऱ्या वाक्याला आई झोपली.
तालान्त मात्र, एक डोळा रस्त्यावरच्या बर्फावर,
अक्षर न कळता शेवटपर्यंत ऐकत राहिला,
आणि पुलापाशी आल्यावर विचारलं,
"मग? जमलं का त्या दोघांचं?"

मी उत्तरं तपासून पाहिली.
दिलेलं नाही, म्हणालो.